फवारणी करावी की थांबावे? – निर्णयासाठी संगणकाची मदत



पेरणीपासून काढणीपर्यंत शेतकऱ्याला अनेक निर्णय घ्यावे लागतात. त्यांत सर्वांत घाईने घेतला जाणारा आणि चुकला तर सर्वांत महाग पडणारा निर्णय म्हणजे फवारणीचा. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला म्हणून आपणही घेतो. दुकानदाराने दोन औषधे एकत्र करून दिली म्हणून ती फवारतो. अळी दिसली म्हणून फवारतो आणि कित्येकदा ती दिसेनाशी झाल्यावरही फवारतो. यात खर्च वाढतो, मित्रकिडी मरतात, किडींमध्ये औषधाला दाद न देण्याची शक्ती निर्माण होते आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवालाही धोका पोहोचतो. सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. ही घटना विदर्भातील कोणताही शेतकरी विसरू शकणार नाही.

जो प्रश्न एका शेतकऱ्यापुढे असतो, तोच मोठ्या स्वरूपात संस्थेपुढेही असतो. कोणत्या तालुक्यात कीड वाढते आहे, कोणत्या गावात आधी पोहोचावयाचे, कोणते औषध किती प्रमाणात उपलब्ध ठेवावयाचे, हे कृषी विभागाला ठरवावे लागते. शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल, तर बियाणे किती घ्यावे, माल आज विकावा की गोदामात ठेवावा, हे संचालकांना ठरवावे लागते. असे निर्णय अंदाजाऐवजी नोंदींच्या आधारे कसे घेता येतात आणि त्यासाठी संगणक व सॉफ्टवेअरची मदत कशी होते, याचे चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ते म्हणजे पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, अर्थात क्रॉपसॅप. प्रस्तुत लेखात या प्रकल्पाची कार्यपद्धती, तिच्या मर्यादा आणि आपल्या गटाला त्यातून घेता येण्यासारखा बोध यांची माहिती दिली आहे.

सन २००८ चा अनुभव

सन २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा, म्हणजेच स्पोडोप्टेराचा, फार मोठा उद्रेक झाला. उभ्या पिकाची पाने जाऊन केवळ शिरा व काड्या शिल्लक राहिल्या आणि शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले.

ही कीड नवीन नव्हती. तिचा जीवनक्रम आणि तिच्यावरील उपाय शास्त्रज्ञांना व अनेक शेतकऱ्यांनाही ठाऊक होते. मग नुकसान एवढे का झाले? याचे उत्तर किडीच्या जीवनक्रमातच सापडते. मादी पतंग पानाच्या मागील बाजूस पुंजक्यांनी अंडी घालते. साधारणतः तीन ते पाच दिवसांत अंडी उबतात. बाहेर पडलेल्या लहान अळ्या सुरुवातीचे काही दिवस एकाच पानावर समूहाने राहून हरितद्रव्य खरवडून खातात, त्यामुळे ते पान जाळीदार दिसते. याच वेळी ते पान अळ्यांसह तोडून नष्ट केले किंवा निंबोळी अर्कासारखा साधा उपाय केला, तरी कीड आटोक्यात येते. पुढे अळ्या मोठ्या होऊन शेतभर पसरतात, दिवसा जमिनीत किंवा पाल्यापाचोळ्यात लपतात आणि रात्री खातात. या अवस्थेत महागडी औषधेही पुरेसे काम करीत नाहीत.

याचा अर्थ, स्वस्तात उपाय करण्यासाठी शेतकऱ्याच्या हातात जेमतेम आठवडाभराचा अवधी असतो. गावातील कर्मचाऱ्याने पाहणी करावयाची, कागदावर अहवाल लिहावयाचा, तो तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि पुढे विद्यापीठाला जावयाचा, मग सल्ला त्याच वाटेने परत यावयाचा, या प्रवासाला किडीच्या वाढीपेक्षा अधिक दिवस लागत. सल्ला अचूक असूनही तो हाती पडेपर्यंत अळी मोठी झालेली असे. अडचण ज्ञानाची नव्हती, ज्ञान वेळेवर पोहोचण्याची होती.

क्रॉपसॅपची उभारणी

या अनुभवानंतर महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने सन २००९-१० पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून हा प्रकल्प हाती घेतला. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राने त्यासाठी संगणक आज्ञावली, म्हणजे आजच्या बोलीत सॉफ्टवेअर, तयार केले. अकोला, राहुरी, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांकडे सल्ला देण्याची जबाबदारी आली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था यांच्यासारख्या राष्ट्रीय संस्थांचेही सहकार्य मिळाले. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भात या प्रमुख पिकांवर भर देण्यात आला. संत्रा, आंबा, डाळिंब, केळी यांसारख्या फळपिकांसाठी याच धर्तीवर हॉर्टसॅप हा प्रकल्प पुढे सुरू झाला. आपल्या भागातील संत्रा बागायतदारांना तो परिचित असेल.

निरीक्षणापासून सल्ल्यापर्यंत

प्रकल्पाचे काम पुढील टप्प्यांनी चालते.

१. शेतांची निवड : गावातील काही शेते निश्चित केली जातात आणि त्यांतच हंगामभर पाहणी होते. याखेरीज प्रत्येक वेळी काही शेते नव्याने, कोणतीही निवड न करता घेतली जातात. निश्चित शेतांमुळे कीड वाढते आहे की घटते आहे हे कळते. नव्याने घेतलेल्या शेतांमुळे अन्य ठिकाणची स्थिती कळते. दोन्ही आवश्यक आहेत.

२. मोजणी : शेतात तिरप्या रेषेत फिरून ठरावीक संख्येची झाडे पाहिली जातात. कपाशीत रसशोषक किडींसाठी झाडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील पान पाहतात. सोयाबीन व हरभऱ्यात एक मीटर ओळीतील अळ्या मोजतात. ‘कीड थोडी आहे’ किंवा ‘फार आहे’ असे लिहून चालत नाही, आकडाच लिहावा लागतो.

३. नोंद : सुरुवातीच्या वर्षांत कीड सर्वेक्षक शेतात छापील नमुन्यावर आकडे लिहीत आणि उपविभागाच्या ठिकाणी ते संगणकात भरले जात. पुढे मोबाईलवरून थेट नोंद करण्याची सोय झाली.

४. तुलना : सॉफ्टवेअर प्रत्येक गावाचा आकडा त्या किडीच्या आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहते आणि ज्या गावांनी ती पातळी ओलांडली किंवा जी तिच्या जवळ आली, त्यांची वेगळी यादी काढून देते.

५. सल्ला : ही यादी, पिकाची अवस्था व हवामान पाहून विद्यापीठाचे तज्ज्ञ सल्ला लिहितात. तो कृषी अधिकाऱ्यांमार्फत, मोबाईल संदेशाने व ग्रामपंचायतीच्या फलकावरून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविला जातो.

पूर्वी ज्या माहितीला आठवडे लागत, ती आता काही दिवसांत फिरून परत येऊ लागली. शेतातला माणूस, तालुक्याचा अधिकारी आणि अकोल्यातील शास्त्रज्ञ हे तिघेही एकच आकडा एकाच वेळी पाहू लागले. संस्थेच्या कामकाजाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा बदल होय. ‘माझ्या भागात कीड नाही’ किंवा ‘सगळीकडे हाहाकार आहे’ अशा सर्वसाधारण विधानांवर चर्चा अडकत नाही. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, किती, एवढेच पाहून मनुष्यबळ व औषधे कोठे पाठवावयाची हे ठरविता येते. शिवाय दरवर्षीच्या नोंदी साठत जातात. कोणत्या महिन्यात, कशा हवामानात, कोणत्या पट्ट्यात कोणती कीड प्रथम दिसते, हे मागील वर्षांच्या नोंदींवरून पाहता येते.

आर्थिक नुकसानीची पातळी म्हणजे काय?

संपूर्ण पद्धतीचा कणा ही पातळी आहे. किडीची संख्या ज्या मर्यादेला पोहोचली असता उपाय न केल्यास होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होईल, ती मर्यादा म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी, असे व्यवहारात समजावे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका एकरावरील फवारणीला औषध, मजुरी व पाणी मिळून १,२०० रुपये खर्च येतो आणि कापसाला ७,००० रुपये क्विंटल, म्हणजे ७० रुपये किलो, भाव आहे. १,२०० ला ७० ने भागले असता साधारण १७ किलो येतात. म्हणजे ती कीड एकरी १७ किलोहून अधिक कापूस खाणार असेल, तरच फवारणी परवडते. कीड त्याहून कमी नुकसान करणार असेल, तर फवारणी करून आपण अळी मारतो आणि स्वतःचा खिसाही रिकामा करतो.

काही प्रमुख किडींच्या पातळ्या सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे समजल्या जातात.

• कपाशीवरील तुडतुडे : सरासरी २ ते ३ प्रति पान
• कपाशीवरील फुलकिडे : सरासरी १० प्रति पान
• कपाशीवरील पांढरी माशी : सरासरी ८ ते १० प्रौढ माशा प्रति पान
• कपाशीवरील गुलाबी बोंडअळी : प्रति कामगंध सापळा ८ पतंग सलग ३ रात्री, किंवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले अथवा हिरवी बोंडे
• हरभऱ्यावरील घाटेअळी : १ ते २ अळ्या प्रति मीटर ओळ

पीक कोणत्या अवस्थेत आहे यानुसार या पातळ्यांत फरक पडतो, म्हणून चालू हंगामातील शिफारस विद्यापीठाच्या कृषिसंवादिनीत किंवा साप्ताहिक सल्ल्यात पाहून घ्यावी.

आता शेतातील उदाहरण पाहू. आपण कपाशीची २० झाडे निवडली आणि प्रत्येकी ३ पाने पाहिली. एकूण पाने ६० झाली. त्यांवर तुडतुडे ९६ मिळाले. सरासरी १.६ आली. पातळी ओलांडलेली नाही, म्हणून फवारणी करू नये व तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजावे. दुसऱ्या वेळी १५० तुडतुडे मिळाले, तर सरासरी २.५ झाली. आता उपाय करणे योग्य ठरते. या दोन पाहण्यांच्या दरम्यान ढालकिडे व क्रायसोपा यांसारख्या मित्रकिडींना काम करण्यास वाव मिळाला, हाही लाभच आहे.

दुसरे उदाहरण गुलाबी बोंडअळीचे. सापळ्यात सलग तीन रात्री अनुक्रमे ६, ९ व ११ पतंग आले. पहिल्या रात्री संख्या ८ पेक्षा कमी असल्यामुळे सापळ्याच्या निकषाने पातळी ओलांडली असे म्हणता येत नाही. परंतु त्याच शेतातील २० हिरवी बोंडे फोडून पाहिली असता २ बोंडांत अळी आढळली. हे प्रमाण १० टक्के झाले. म्हणजे बोंडांच्या निकषाने पातळी गाठली गेली आणि उपाय करणे आवश्यक आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये केवळ सापळ्याचाच आकडा भरला असेल, ते ‘थांबा’ असे सांगेल. त्याचा दोष त्या यंत्राकडे जात नाही. आपण त्याला अर्धीच माहिती दिली, हे लक्षात घ्यावे.

पद्धतीच्या मर्यादा

कोणतीही पद्धत जाणून वापरली तरच उपयोगी पडते. म्हणून पुढील मर्यादा आपण समजून घ्याव्यात.

पहिली मर्यादा नोंदीच्या सचोटीची. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बांधावर बसून किंवा घरी बसून अंदाजाने आकडे भरले, तर पुढचे सगळे नकाशे व तक्ते दिसायला सुंदर आणि वापरायला धोकादायक ठरतात. मोबाईलवरील नोंदीबरोबर जागेची नोंद आपोआप होत असल्याने यावर काही प्रमाणात अंकुश बसतो. मात्र शेतात उभे राहूनही पाने न मोजणाऱ्यावर यंत्राचा इलाज नाही.

दुसरी मर्यादा सरासरीची. समजा, एका गावातील दहा शेतांची पाहणी झाली. नऊ शेतांत प्रत्येकी २ टक्के बोंडे किडलेली आढळली आणि एका शेतात ३० टक्के. गावाची सरासरी ४.८ टक्के येते. पडद्यावर गाव सुरक्षित दिसते, परंतु त्या दहाव्या शेतकऱ्याचे पीक हातचे जात असते आणि त्याच्याच शेतातून पतंग इतरत्र पसरणार असतात. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत जास्त आकडा कोणत्या शेतात आहे, हेही पाहिलेच पाहिजे.

तिसरी मर्यादा लपलेल्या किडीची. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड हिरवेगार व निरोगी दिसते. सन २०१७ मध्ये विदर्भात या अळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, तेव्हा बी.टी. कपाशीवर बोंडअळी येत नाही या समजुतीने अनेकांनी बोंडे फोडून पाहिलीच नव्हती. त्यानंतर कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, हंगामपूर्व लागवड टाळणे आणि फरदड न घेणे यांवर भर देण्यात आला. जे पाहिले जात नाही, त्याची नोंद होत नाही आणि ज्याची नोंद नाही, त्यावर सॉफ्टवेअर काहीही सांगू शकत नाही.

चौथी मर्यादा शेवटच्या टप्प्याची. सल्ला फलकावर लागला, मोबाईलवर आला, तरी फवारणी करणारा मजूर तो वाचत नाही. त्याला कोणते औषध, किती प्रमाणात, तोंडाला काय बांधून आणि वाऱ्याच्या कोणत्या दिशेने, हे प्रत्यक्ष सांगावेच लागते. २०१७ च्या विषबाधेचा धडा हाच आहे. औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल त्रिकोण अतिविषारी औषधाचा असतो, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा विषारीपणा कमी होत जातो. शिफारस नसताना दोन औषधे एकत्र करू नयेत.

पाचवी मर्यादा जबाबदारीची. सॉफ्टवेअर यादी देते, निर्णय देत नाही. पाऊस दोन दिवसांत येणार आहे, पीक काढणीला आले आहे, मित्रकिडी भरपूर आहेत, या गोष्टी तोलून अंतिम निर्णय माणसालाच घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारीही माणसानेच घ्यावयाची असते.

अलीकडची साधने

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात बरीच भर पडली आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तीत मोबाईलने काढलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखण्यास मदत होते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये महाविस्तार हे ॲप शेतकऱ्यांसाठी उपलब्ध करून दिले. हवामानाच्या अंदाजासाठी मेघदूत हे ॲप २०१९ पासून आहे. बाजारभावांसाठी ॲगमार्कनेट हे संकेतस्थळ २००० पासून आणि शेतमालाच्या ऑनलाईन लिलावासाठी ई-नाम ही व्यवस्था १४ एप्रिल २०१६ पासून सुरू आहे.

साधने वाढली, तरी वरील पाचही मर्यादा यांतील प्रत्येकाला कमीअधिक प्रमाणात लागू आहेत. छायाचित्र अस्पष्ट असेल किंवा किडीऐवजी अन्नद्रव्याच्या कमतरतेने पान लाल पडले असेल, तर यंत्राच्या उत्तराची खात्री शास्त्रज्ञाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून करून घ्यावी.

आपल्या गटाने काय करावे?

सन २००३ पासून कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद अमलात आली आणि विदर्भातही अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या. बहुतेक कंपन्यांत एक संगणक व तो चालविणारा एखादा तरुण असतो. परंतु त्याचा उपयोग बिले छापणे व लेखापरीक्षणाची कागदपत्रे तयार करणे यापुरताच होतो. महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. संगणकावरील साधा तक्ता आणि पाळलेली शिस्त एवढ्यावर पुष्कळ काम होते. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. आधी प्रश्न ठरवावा. ‘सगळी माहिती भरू’ असे म्हणून सुरुवात केली की महिनाभरात कंटाळा येतो. ‘या आठवड्यात कोणत्या सभासदांच्या कपाशीत उपाय करावा?’ असा एकच प्रश्न घ्यावा.

२. त्या प्रश्नाला लागतील तेवढेच रकाने ठेवावेत. गट क्रमांक, वाण, लागवडीची तारीख, पाहणीची तारीख, पाहिलेली पाने किंवा बोंडे, आढळलेल्या किडी आणि केलेला उपाय, हे सात रकाने पुरेसे आहेत.

३. पाहणीचा वार निश्चित करावा. दर सोमवारी पाहणी आणि मंगळवारी बैठक, असे काहीही चालेल, परंतु वार बदलू नये. पाहणीच्या तारखा निरनिराळ्या असतील, तर आकड्यांची तुलना होत नाही.

४. मोजणाऱ्यांना एकत्र शिकवावे. एकाच शेतात तिघांना मोजावयास लावून आकडे ताडून पाहावेत. फार तफावत आली, तर पद्धत पुन्हा समजावून द्यावी. नोंदीपैकी काही शेते दुसऱ्याने अधूनमधून तपासावीत.

५. निर्णयाचा नियम आधी लिहून ठेवावा. पातळी ओलांडली तर कोण, कोणाला, किती तासांत कळवील आणि कोणता उपाय सांगेल, हे हंगामापूर्वी बैठकीत ठरवावे. आकडा हाती आल्यावर नियम ठरवू लागलो, की ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते.

६. निर्णय व त्याचा परिणाम दोन्ही लिहावेत. फवारणी केली किंवा थांबलो, पुढील आठवड्यात काय आढळले, हे नोंदवावे. हंगामाच्या शेवटी याच नोंदी पुढील वर्षाचे मार्गदर्शक ठरतात.

७. तक्त्यातील माहिती सभासदांना दिसली पाहिजे. ती एकाच व्यक्तीच्या मोबाईलमध्ये अडकली, तर गटाचा विश्वास राहत नाही. आठवड्याचा तक्ता छापून कार्यालयात लावावा आणि सभासदाचे वैयक्तिक व्यवहार मात्र त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देऊ नयेत.

विक्रीच्या निर्णयासाठी उपयोग

हाच मार्ग विक्रीलाही लागू पडतो. समजा, सोयाबीनला काढणीच्या वेळी ४,२०० रुपये क्विंटल भाव आहे आणि चार महिने माल ठेवावा की कसे, हा प्रश्न आहे. प्रतिक्विंटल हिशेब असा मांडावा.

• गोदाम भाडे, दरमहा १० रुपयांप्रमाणे : ४० रुपये
• अडकलेल्या रकमेवर वर्षाला १२ टक्के दराने चार महिन्यांचे व्याज : १६८ रुपये
• वजनातील घट २ टक्के : ८४ रुपये
• चढाई-उतराई व इतर : ४० रुपये

एकूण ३३२ रुपये होतात. म्हणजे चार महिन्यांनी किमान ४,५३२ रुपये भाव मिळाला, तरच आजच्या विक्रीइतके पैसे पदरात पडतात. भाव ४,४०० झाला, तर ‘भाव वाढला’ म्हणून आनंद होतो, प्रत्यक्षात मात्र क्विंटलमागे १३२ रुपयांचा तोटा झालेला असतो.

हा हिशेब कागदावरही होतो. मग संगणक कशाला? कारण एक आकडा बदलला की काय होते, हे तो तत्काळ दाखवितो. घट २ ऐवजी ३ टक्के धरली, तर लागणारा भाव ४,५७४ रुपयांवर जातो. बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्ज योजनेतून मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के दराने मिळाली, तर चार महिन्यांचे एकूण व्याज १६८ वरून १०५ रुपयांवर येते आणि घट २ टक्केच धरल्यास ४,४६९ रुपये भाव पुरेसा होतो. योजनेचा प्रचलित दर व मुदत आपल्या बाजार समितीत विचारून तेच आकडे तक्त्यात घालावेत. मागील काही वर्षांचे त्या महिन्यांतील भाव ॲगमार्कनेटवरून पाहून, एवढा भाव किती वेळा मिळाला होता हे तपासावे आणि मग संचालक मंडळाने ठरवावे. भाव पुढे काय होईल हे कोणतेही सॉफ्टवेअर खात्रीने सांगू शकत नाही. किती भाव मिळाला नाही तर आपण तोट्यात जाऊ, हे मात्र निश्चित सांगता येते. सर्व माल एकदम विकण्याऐवजी तीन हप्त्यांत विकण्याचा पर्यायही याच तक्त्यात तपासून पाहता येतो.

ध्यानात ठेवण्याच्या बाबी

• फवारणीपूर्वी मोजणी करावी. आकड्याशिवाय पंप भरू नये.
• एकरी दोन कामगंध सापळे लावावेत व पतंगांची रोज नोंद ठेवावी. गोळी, म्हणजे ल्यूर, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावी.
• आठवड्यातून एकदा २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत.
• मोबाईलवर आलेला सल्ला आपल्या शेतातील स्थितीशी ताडून मगच अमलात आणावा.
• सर्वेक्षणासाठी कर्मचारी आपल्या शेतात आल्यास त्यांना सहकार्य करावे व मागील फवारणीची खरी माहिती द्यावी. आपल्या एका खऱ्या आकड्यावर शेजारच्या गावांचा सल्ला अवलंबून असतो.
• फवारणी करताना हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, चष्मा व अंगभर कपडे वापरावेत. उपाशीपोटी व कडक उन्हात फवारणी करू नये.
• शंका असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालय, नजीकचे कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ किंवा किसान कॉल सेंटर, निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-१५५१, येथे संपर्क साधावा.

शेतकरी बंधूंनो, पूर्वी आपले वाडवडील पंचांग, वारा व पक्षी पाहून अदमास बांधत. त्यांच्या निरीक्षणाची सवय आपण सोडली आणि औषधाच्या बाटलीवर विसंबून राहिलो. संगणकाने ती निरीक्षणाची सवय पुन्हा लावली, तर त्याहून मोठा लाभ कोणता? येत्या हंगामात आपल्या गटाने एकच पीक, एकच कीड आणि दहा सभासद घेऊन सुरुवात करावी. एका हंगामात जरी दोन अनावश्यक फवारण्या वाचल्या, तरी खर्च वाचेल, जमीन व पाणी वाचेल आणि पाठीवर पंप घेणाऱ्याचा जीवही सुरक्षित राहील.